एका घरातून एकच

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, मुलाला नाही. आई गेली, आण्णा गेले — त्यांना शेवटपर्यंत कळली नाही. आणि जिला कळायला हवी होती, तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच त्याचं कारण असेल. ओळखत असता तर आपण चहा घेतला असता, पाऊस यंदा तरी पडतो का यावर बोललो असतो, आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. विषय अर्थशास्त्र, आणि त्यातला सहकाराचा पेपर माझ्याकडे. म्हणजे माणसांनी एकमेकांना धरून वर कसं यावं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितेय. हसायचं असेल तर हसून घ्या.

आमचं कॉलेज दिसायला काही नाही. ज्या लोकांनी सहकारी साखर कारखाना काढला त्यांनीच हेही काढलं, खरेदी-विक्री संघाच्या जुन्या गोदामात. मी आले तेव्हा वर्गात अजून खताचा वास यायचा. फी नावापुरती. वसतिगृहात पैशांऐवजी ज्वारी चालायची, आणि ज्वारीही नसली तर सकाळी रोपवाटिकेत काम करायचं. कारखान्याचं धुराडं आता कित्येक हंगाम थंड आहे, कॉलेज मात्र चालू आहे. आमची एक पोरगी बीडच्या आगारात कंडक्टर आहे. मला गाडीत चढताना पाहिलं की आधी कुणाला तरी उठवते, मग तिकीट फाडते. एक परळीला शिक्षिका आहे. नर्सा तर किती झाल्या! सगळ्या ऊसतोड्यांच्या लेकी. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, झोपडीत वाढलेल्या. त्यांची लेकरं आता ऊस बघतात तो रसवंतीवर. स्वस्त कॉलेजनं असं काय होतं, असं कुणी विचारलं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. तेही बरोबरच आहे. यातलं काहीही खोटं नाही.

मग खोटं काय? थांबा. येते मी तिथे — जरा वेळ द्या.

आधी कोयता म्हणजे काय ते सांगायला हवं. कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, ते तर झालंच. पण आमच्याकडचा मुकादम, म्हणजे टोळी जमवून कारखान्याला नेणारा माणूस, माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत न्यायच्या. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. जोडी मोडली की कुणीतरी भरावीच लागते. बायको अंथरूण धरून असेल तर बहीण, बहीण नसेल तर लेक.

हे आधी सांगितलं, कारण मनातल्या मनात मी माझी वकिली कायम याच मुद्द्यावर केली आहे. आण्णांना जोडी हवी होती. दोघी बहिणी शिकायला गेलो असतो तर कोयता कुणी भरला असता? चांगला मुद्दा आहे. वर्गात मांडला तर पोरी माना डोलावतील. पण तो खरा नाही. आईचं कंबरेचं दुखणं वर्षभरानंतरचं. आमची दहावी झाली त्या उन्हाळ्यात आई धडधाकट होती, आणि तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, "आमचा कोयता आमचा हाय की. पोरींचं काय काम फडात? जाऊ द्या दोघींना." आण्णांनी मान हलवली होती. मी तिथेच बसले होते, पाट्यावर मिरची वाटत.

म्हणजे बघा, वाट मोकळी होती. दोघींना.

आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पण लहानपणी आई-आण्णांबरोबर फडावर जाऊन तिची दोन वर्षं बुडाली, त्यामुळे दहावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर. आणि आक्का हुशार होती. मी नव्हते असं नाही — मीही बरी होते. पण बरी असण्याचं काय होतं, हुशार माणसाच्या शेजारी बसलं की? गुरुजी प्रश्न टाकायचे आणि बघायचे तिच्याकडे. तिला उत्तर आलं नाही तरच मला विचारायचे, आणि तिला सहसा यायचंच. गावात मला नाव नव्हतं. मी "तिची बहीण" होते. आक्काला याची कल्पनाही नव्हती. ती मला गणितं समजावून सांगायची, माझी वेणी घालायची, आणि मी तिचा रागराग करत निमूट बसायचे.

दहावी झाली तो उन्हाळा दुष्काळाचा. विहिरी तळाला गेलेल्या, जनावरं छावणीत, माणसं रोजगार हमीच्या बंधाऱ्यावर. घरातले सगळे खडी वाहत होते. माझ्यानं पाटी उचलवत नव्हती, तेव्हा सर्वांत सोयीची सुट्टी माझी — म्हणून याच कॉलेजात विचारून यायला मलाच पाठवलं. दोघींच्या मार्कांचे कागद पिशवीत घालून मी एसटीनं एकटी गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी.

वसतिगृहाच्या मॅडम जाड चष्म्याच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी कागद पाहिले — वरचा आक्काचा होता. चष्मा वर करून म्हणाल्या, "ही कुठाय? हिला घेऊन ये आधी!" मग खालचा पाहिला. "ही तू का? बरं, तूही ये. दोघींना घेते. खाट मोठी आहे, एकीवर दोघी झोपा. ज्वारी जमेल तेवढी आणा, नाही जमली तर बघू."

तूही ये. — या दोन शब्दांवर मी किती वर्षं काढली! त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. ती आम्हाला दार उघडून देत होती. पण मला काय ऐकू आलं? इथेही बाक तोच. इथेही आधी तिच्याकडे बघणार, मग माझ्याकडे.

खोटं अचानक तोंडून निसटलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. नाही निसटलं. एसटी फाट्यावर सोडून गेली आणि तिथून गावापर्यंतच्या वाटेवर मी ते वाक्य घोळवलं. आधी वाटलं, मॅडम भेटल्याच नाहीत असं सांगावं. पण मग आक्का स्वतः गेली असती. जागा भरल्या म्हणावं, तर मीही अडकले असते. शेवटी नेमकं सापडलं. बंधाऱ्यावरून सगळे परतले, पाणी प्यायले, आणि मी सांगितलं — एका घरातून एकच मुलगी घेतात. तसा नियम आहे.

कुणी शंका घेतली नाही. का घेतील? आमच्यासारख्यांना नियम म्हटलं की पुरे. आई म्हणाली, मग थोरलीला पाठवू, तिला मार्क जास्त. एवढं घोळवलं आणि हे कसं लक्षात आलं नाही? — पण मला काही करावंच लागलं नाही. आक्काच म्हणाली, "शांतीला जाऊ द्या. तिला उसाचा पाला सोसत न्हाई, सगळ्या अंगावर उठतं. मला काय हुतंय?"

झालं एवढंच. हा माझा गुन्हा. तुम्हाला मोठ्या काहीची अपेक्षा असेल तर माफ करा — नको, ते माफबिफ राहू द्या.

कॉलेजात मॅडमनी थोरलीचं विचारलं, तर घरचे सोडत नाहीत असं मी सांगितलं. दसऱ्यानंतर ते सगळे ऊसतोडीला गेले. आक्का एकटी गावात राहून काय करणार? ती कोपीत स्वयंपाकाला गेली. पुढच्या हंगामात आईची कंबर गेली आणि आक्का आण्णांचा अर्धा कोयता झाली. त्याच्या पुढच्या वर्षी मुकादमाच्या नात्यातलाच मुलगा पाहून तिचं लग्न झालं, आणि तिचा नवाकोरा कोयता तयार झाला. मी तेव्हा बीएच्या पहिल्या वर्षाला होते. वर्गात पहिली. गुरुजनांचा माझ्यावर फार जीव. प्रश्न टाकला की सगळे माझ्याकडे बघायचे.

आनंद झाला का, विचारा. झाला. खोटं कशाला बोलू? मनसोक्त झाला. टोचणी नंतर लागली, आणि तोवर मी प्राध्यापक झाले होते, बीडला घर झालं होतं.

आता यात मी अडकले आहे, ते कसं, ते सांगते. नव्या पोरींच्या स्वागताच्या दिवशी मला दरवर्षी माझी कहाणी सांगायला उभं करतात. जुन्या मॅडम केव्हाच निवृत्त झाल्या, ती खोडून काढणारं कुणी उरलं नाही. त्या कहाणीत आक्का येतेच. नियम एकीचाच होता, मोठ्या बहिणीनं जागा सोडली — इथं पालक डोळे पुसतात. आणि आक्का स्वतः ही कहाणी माझ्याहून रंगवून सांगते. फडात सांगते, बाजारात सांगते, माझ्या नवऱ्याला तर दर दिवाळीला सांगते. तिच्या हाताला घट्टे आहेत, गुडघे गेलेत, पण हे सांगताना तिची मान ताठ असते. आपण हातानं उचलून बहिणीला वर ठेवलं, हे तिच्या आयुष्यातलं मोठं काम. ते तिच्याकडून काढून घ्यायचं? खरं सांगून? — बघितलंत, हे कारणही मला किती सोयीचं आहे!

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी निभावलं असतं. पण आक्काला दोन मुली. थोरली रेखा, धाकटी अंजू. रेखा बारावी झाल्यावर काय करणार, हे मी विचारलं नाही. कामात होते — कामात नेहमीच असते मी. कळलं ते लग्नाची पत्रिका आल्यावर. मांडवात आक्काचा हात धरून म्हटलं, एवढी घाई का केलीस, शिकली असती पोरगी. आक्का नवलानं म्हणाली, "अगं, अंजी जास्त हुशार हाय. एका घरातून एकच घेतेत न्हवं? मग जागा अंजीसाठी ठिवली. तूच तर सांगितलंतंस."

माझ्या हातात अक्षता होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली होती. पुढे होऊन थांबवता आलं असतं का? आलं असतं. ओरडता आलं असतं. बाकीच्यांबरोबर मीही अक्षता टाकल्या. त्या वर्षी दसऱ्यानंतर रेखा नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली.

आणि यंदा आक्का अंजूला घेऊन आली. इस्त्रीची साडी नेसून, पहिल्या रांगेत बसली. माझी कहाणी मी सांगितली. कशी सांगितली ते मला आठवत नाही. माझ्यानंतर आमच्या वसतिगृहाच्या नव्या मॅडम उठल्या, उत्साही पोरगी आहे, माईक तोंडाशी धरून म्हणाल्या, घरात दोन मुली असतील तर दोघींना आणा, तिघी असतील तर तिघींना आणा, आपण जागा करू.

मी आक्काकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

व्हरांड्यात तिनं मला गाठलं. अंजू पाणी प्यायला गेली होती.

"शांते, त्या बाई म्हनत्यात ते खरं हाय का? दोघींना घेतेत?"

"आता घेतात, आक्का."

"आता म्हंजे? कदीपासून?"

वाट पुन्हा मोकळी होती. पहिल्यापासून — एवढा एकच शब्द होता. माझ्या वयाला, माझ्या पदाला, सगळ्याला पुरून उरला असता. आक्काचा चेहरा उतरलेला. ती माझ्यावर संशय घेत नव्हती हो — ती स्वतःवर घेत होती.

"यंदापासून," मी म्हटलं.

तिचा जीव भांड्यात पडला. "मग ठीक हाय," म्हणाली. "मला वाटलं, रेखाचं वाटुळं म्याच केलं." आणि तिनं माझ्या कानशिलावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या डोक्याला लावून बोटं मोडली. कडाकडा मोडली. लई मोठी झाली ग बाई माझी, म्हणाली.

परवा टोळ्या निघाल्या. ट्रॅक्टर कॉलेजच्या फाटकाशी पाण्याला थांबतात, तसा रेखाचाही थांबला. ती ट्रॉलीत वर, भांड्याकुंड्यांच्या बोचक्यावर बसली होती, मांडीवर लेकरू. अंजू वह्या छातीशी धरून खाली उभी. दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसत होत्या. मी बाहेर आले तशी रेखानं वरून हाक मारली.

"मावशे, अंजीला झोपायला खाट बिट हाय ना नीट?"

"आहे," मी म्हटलं. "मोठी आहे."