भिंतीला होडीचा रंग

रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्यात मला अजून गुणाजी तांडेल म्हणतात. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, होडीवर ज्याचा शब्द शेवटचा. आता होडी नाही आणि घरात शेवटचा शब्द माझा कधीच नव्हता, पण नाव राहिलंय. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून गेल्या दिवाळीनंतर ‘सागरलक्ष्मी’ काशीदच्या एकाला देऊन टाकली. तेव्हापासून ओट्यावर बसायचं आणि समोरून जाणारी प्रत्येक होडी कशी चुकीची वळवली ते मोठ्याने सांगायचं, हा माझा धंदा झाला. ऐकायला बायको. शेवटी वेणूच एकदा म्हणाली, “समुद्र बगायला मानसं हायत. तुमी जरा भिंतीकडं बगा.”

भिंत म्हणजे आमच्या घराची पश्चिमेची भिंत. तिच्या आणि समुद्राच्या मध्ये एक माड आहे, तोही वाकडा. पावसाळाभर वारा पाऊस आडवा आणून तिच्यावर मारतो. गिलाव्याला भेगा पडल्यात, आतून पोपडे सुटतात, त्यावर खार फुलतो आणि खालच्या अंगाला काळी बुरशी धरते. त्याच भिंतीला लागून वेणूची खाट. आषाढात तिला खोकला लागतो, तो गणपतीपर्यंत छातीत मुक्काम करतो. मागच्या पावसात डॉक्टरांनी तिला सांगितलं, त्या खोलीत झोपू नका. आमच्याकडे दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर.

म्हणून होळी झाल्यावर तिने जाहीर करून टाकलं. “यंदा भिंत ओली झाली तर मी पनवेलला भावेशकडं जानार. परत यायचं का न्हाय ते तितं ठरवीन.”

भावेश आमचा मुलगा. तो आणि सूनबाई रुचिका सातव्या मजल्यावर राहतात. तिथे ओल चढायची म्हटलं तर तिला लिफ्टने यावं लागेल. मी हसलो, पण वरवरच. होडी गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की मी खचणार. खचलो नाही, कारण मला बोलणी ऐकवायला घरात माणूस होतं. ते माणूस गेलं तर मी कुणाला काय सांगत बसणार? एकटा राहायची मला भीती वाटत होती. तांडेलाने असं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी म्हणालो, “बगतो काय ता.”

उपाय तिच्याकडे तयार होता. नारळाच्या झावळ्या विणून झाप करायचे आणि भिंतीपासून हातभर लांब, बांबूच्या चौकटीवर बांधायचे. पाऊस झापावर आपटतो, मधून वारा खेळतो. थेरोंड्याला तिच्या माहेरी दर आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, अजून तसं करतात.

“झाप बांदलं का घर वाकट्या-बोंबील सुकवायचा मांडव दिसतं,” मी म्हणालो. “जन्मभर होडीत पानी येऊ दिला न्हाय. ही तर जाग्यावर उभी हाय. हिला कुटं मासं धराया जायचंय?”

आणि मी भिंतीला होडी समजून कामाला लागलो. आमच्यात होडीच्या फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवतात. पाण्यात उतरली की लाकूड फुगतं, फट आवळते, थेंब आत येत नाही. मी भिंतीच्या एकेका भेगेत तसाच कापूस ठोकला. वर होडीचा ऑइलपेंट, एक हात नाही, दोन हात. खाली लाल, वर निळा, मध्ये पांढरा पट्टा. हात थांबेना, म्हणून वरच्या कोपऱ्यात ‘सागरलक्ष्मी’ही लिहिलं. वेणू बाहेर आली, वाचलं आणि म्हणाली, “तिची आठवन येते, त व्हय म्हना. भिंत कशाला रंगवली?”

शेजारचा चंदर रोज बाजारातून येताना कुंपणाशी थांबायचा. घरात बाळंतीण असल्यासारखा आवाज खाली आणून विचारायचा, “कशी हाय ती?”

“ठणठणीत,” मी सांगायचो.

आषाढ निम्मा होईपर्यंत ती खरंच ठणठणीत होती. बाहेरून. पाणी रंगावरून घरंगळताना बघून मी ओट्यावर मिशीला पीळ देत होतो. मग एका सकाळी रंगाला फोड आले. आधी वाटाण्याएवढे, मग टम्म पुरीएवढे. एक फोड मी बोटाने दाबला, तर पिचकारी उडाली ती थेट तोंडावर. आत गेलो तर भेगांच्या जागी भिंत पाझरत होती. लाकूड फुगतं, भिंत कशाला फुगेल? वळचणीखालून पाणी शिरलं, माझ्या कापसाने ते पोटभर प्यायलं आणि वातीसारखं आतपर्यंत आणून पोचवलं. आधीचीही ओल होतीच. ती वाळून बाहेर पडली असती, पण तिच्या तोंडावर मी दोन हात रंग फासला होता. पाणी बाहेर ठेवायच्या नादात मी ते आत कोंडलं होतं.

वेणू खोकत खोकत बॅग भरत होती. मी म्हणालो, “जरा वाट बग. उघडीप पडल.” तिने बॅगेची चेन ओढली. ती भांडली असती तर मला धीर आला असता.

ती गेली. घरात मी, समुद्राचा आवाज आणि भिंतीतून ठिबकणारं पाणी. दुपारी चंदर कुंपणाशी आला. “कशी हाय ती?”

“पोचली. फोन आला व्हता. खोकला जरा कमी हाय.”

“मी भिंतीचं इचारलं,” चंदर म्हणाला. मग माझं तोंड बघून त्याने विषय बदलला आणि त्याच्या वाडीतल्या झावळ्या पडून आहेत, एवढं सांगून गेला.

पुढच्या उघडिपीला मी पत्रा घेऊन रंग खरवडायला बसलो. निळा गेला, लाल गेला. ‘सागरलक्ष्मी’ खरवडताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू? पण होडी काशीदला सुखात होती, वेणू पनवेलला सुखात नव्हती. फोनवर ती म्हणायची, हितं बरं हाय, आणि मग अर्धा तास विचारायची, बाजारात कोळंबी कशी आलीय. भेगांतला कापूस उपटला, तो हातात पिळला तर पाणी. मग झाप विणले. माझे पहिले दोन झाप चंदरच्या शेळीने नाकारले, इतके वाईट होते. पण भिंत झाकण्याएवढे झाले, आणि बांबूवर बांधले तेव्हा घर अगदी वाकट्या सुकवायच्या मांडवासारखं दिसायला लागलं.

नारळी पुनवेला वेणू येणार होती. सणाला, एवढंच म्हणाली होती. अलिबागहून रिक्षा आली, तीच बॅग खाली उतरली. तिने झापाकडे पाहिलं, एक टोक ओढून पाहिलं. “हा कोनी इनला?”

“मी.”

“दिसतंय,” म्हणाली आणि आत गेली. मी मागे. तिने भिंतीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. बॅग दारातच होती. मी बॅगेकडे बघत उभा राहिलो.

“अजून ओली हाय,” ती म्हणाली.

“व्हय.” आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“सुकायला येल लागनार.”

“लागनार. तू म्हनशील त सन झाल्यावर तुला सोडून येतो पनवेलला.” हे बोलताना माझा आवाज फाटला. तांडेल झाला म्हणून काय झालं.

तिने पदर खोचला. खाटेचं एक टोक धरलं आणि मला म्हणाली, “बगता काय? दुसरं टोक धरा. भिंत सुकस्तंवर ही सैपाकघरात.” आम्ही खाट चुलीच्या बाजूला नेली. मग तिने बॅग उचलली आणि साड्या कपाटात लावायला लागली, सगळ्या.

तेवढ्यात कुंपणावरून हाक आली. “गुणाजी! कशी हाय ती?”

कुठली ते चंदरने सांगितलं नाही. मी तोंड उघडायच्या आत आतूनच वेणू ओरडली, “ऱ्हायली म्हनावं!”