दुसऱ्या खुब्याचा डाग

आबांनी आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या डाव्या खुब्यावर तापलेला विळा टेकवला, तेव्हा मी जळगावात प्रयोगशाळेत होते. शनिवारी बसने गावी आले. गाव धुळ्याच्या अलीकडे, महामार्गापासून थोडे आत. एरवी माझ्या पावलांचा आवाज आला की फाटकापर्यंत येणारा कुत्रा त्या दिवशी जागचा हलला नाही. त्याने फक्त शेपूट जमिनीवर आपटले. खुब्यावरचे केस जळून गेले होते आणि विळ्याच्या पात्याच्या आकाराची ओली जखम उघडी होती. मी ती पाहिली आणि ठरवले, की याची परतफेड होईल. घाईने नव्हे, नीट होईल.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लंगडणाऱ्या बैलाला डाग दिला की सांध्यातला वात जळतो, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे आणि आमच्या गल्लीत डाग देण्याचा मान आबांचा. लोक बैल घेऊन येतात, आबा विळा तापवतात, बैल हंबरतो, लोक चहा पिऊन जातात. हिवाळ्यापासून कुत्र्याचे मागचे पाय आखडले होते. बसला की उठताना तो पुढच्या पायांवर अंग ओढायचा. आबांनी त्याच्यावरही तोच इलाज केला, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"देख," ते मला म्हणाले, "डाग दिना नि लगेच उठीसन पळना. बठ्ठा वात जळी गया."

"आबा, तापलेल्या विळ्यापासून कोणीही पळेल. तुम्हीही पळाल."

"मी कसाले पळसू? माले वात नही शे."

घरात सगळे अहिराणी बोलतात, मीही बोलते. पण आबांशी भांडताना मी मुद्दाम प्रमाण मराठी वापरते, कारण त्याने ते अधिक चिडतात. त्या दिवशीही चिडले. म्हणाले, "आखाजीलोंग देखसू. नही चालना, ते दुसरा खुबाले बी डाग."

अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. तोपर्यंत तो कुत्रा चालला पाहिजे होता, नाहीतर त्याचा उजवा खुबाही जळणार होता. माझ्यापुढचा प्रश्न असा स्पष्ट मांडला गेला, हे एका अर्थी बरेच झाले. स्पष्ट प्रश्न मला आवडतात.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला जीपमध्ये घातले आणि आम्ही धुळ्याला पशुवैद्यकांकडे गेलो. त्यांनी आधी जखम धुऊन मलम लावले आणि ती कशाची आहे हे विचारले नाही. बहुधा अशा जखमा त्यांना ओळखू येत असाव्यात. मग क्ष-किरण चित्र काढले. दोन्ही खुब्यांची हाडे कडेने खडबडीत झाली होती, सांध्यातली फट जवळजवळ बुजली होती. "हे बरे होणार नाही," ते म्हणाले, "पण दुखणे आटोक्यात येईल." यकृत आणि मूत्रपिंड तपासायला रक्त घेतले, आणि अहवाल आल्यावरच, वजनाच्या हिशेबाने, कुत्र्यांसाठीची वेदनाशामक गोळी दिली: रोज, भरल्या पोटी; उलटी झाली किंवा शी काळी दिसली तर ताबडतोब बंद. घरातली माणसांची गोळी चुकूनही द्यायची नाही, असे त्यांनी मला दोनदा बजावले. मी औषधशास्त्र शिकले आहे हे सांगण्याचा मोह मी आवरला.

जोडीला सांध्यांसाठीची पूरक भुकटी आणि माशाचे तेल. भुकटीबद्दल मी वाचले होते. पुरावा दुबळा आहे, काही कुत्र्यांना फरक पडतो, काहींना पडत नाही. माशाच्या तेलाची बाजू थोडी बरी. दोन्ही सावकाश काम करतात, आणि आखाजी सावकाश येणार नव्हती. खरी मदत मला गोळीकडून आणि वजनाकडून हवी होती. कुत्रा जाड होता. आई त्याला तुपात बुडवलेली बट्टी घालायची. ती बंद केली. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरायचे, म्हणून अंगणापासून पाणी प्यायच्या भांड्यापर्यंत गोणपाटे अंथरली. सकाळी ऊन चढण्याआधी आई त्याला गल्लीच्या टोकापर्यंत हळू फिरवू लागली.

"तो मन्हाकडे असा देखस," आई फोनवर म्हणायची, "का मन्हा घास उतरत नही."

"उतरव," मी म्हणायची. "बट्टी नाही."

पलीकडून आबांचा आवाज यायचा, फोनमध्ये पोचेल इतका मोठा: "कुत्राले मासानं तेल! आते चष्मा बी लाव, नि दात बी बसाड!"

मी ऐकून घेत असे. तोवर माझा विचार डागापर्यंत पोहोचला होता. सांधेदुखी चढउतार करीत असते. लोक जनावर आणतात ते दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार असतोच. त्या उताराचे श्रेय आबांचा विळा वर्षानुवर्षे खात आला होता. ज्या बैलांना उतार पडला नाही, ते बाजारात गेले. त्यांनी येऊन तक्रार केली नाही. हे समजल्यावर माझ्या रागाला धार आली.

एक गोष्ट मात्र मी कोणालाही सांगितली नाही. आबा ओट्यावरून उतरताना खांब धरत होते आणि खाली पोचल्यावर क्षणभर थांबत होते. अगदी तसेच, जसा कुत्रा उठल्यावर थांबायचा. ज्यांना वात नव्हता, त्यांचा उजवा गुडघा मी शनिवारमागून शनिवार पाहत राहिले.

आखाजीला घर भरले. माहेरवाशिणी कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर होत्या, आत्या चुलीशी खापरावर मांडे टाकत होती, आमरसाची पातेली झाकून ठेवली होती. ओट्यावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगला होता आणि आबा मांडी घालून मध्यभागी बसले होते. सकाळपासून उठलेच नव्हते. कुत्रा गोणपाटावरून चालत आला, ओट्याची पायरी सावकाश पण स्वतः चढला, आबांचा तळवा हुंगून पुढे गेला. डाग दिलेल्या जागी केस परत आले नव्हते. आबांनी पाहिले. मग हातातले पान टाकले.

जेवायची हाक आली. सगळे उठले. आबांनी हात टेकला, अंग उचलले आणि परत खाली बसले. पुन्हा प्रयत्न केला. गुडघा मिटलेला तसाच राहिला, आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की झोका थांबला.

मी चुलीजवळ उभी होते. इतके दिवस मी हे वाक्य सांभाळून ठेवले होते.

"आबा, चूल पेटलेलीच आहे. विळा तापवू का?"

मग आत्या, म्हणजे त्यांची सख्खी बहीण, मांडा हातावर घेऊन हसू लागली. "तापाड वं पोरी, तापाड! दोन्ही गुडघास्ले दे! वात बठ्ठा जळू दे!"

मग सगळेच हसले. वडील हसले, जावई हसले. मी हसले नाही; मला ते दृश्य नीट पाहायचे होते.

वडिलांनी धरून त्यांना बाजेवर बसवले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तेव्हा त्यांनी खाली बघत विचारले, "ती कुत्रानी गोळी... एखादी शे का?"

"ती त्याच्यासाठी आहे, आबा. माणसाला चालत नाही."

"मंग?"

"मग धुळ्याला जाऊ. आधी उजव्या खुब्याचे बोला."

"कुत्राले आते डाग नही," ते म्हणाले. "व्हयनं समाधान?"

कुत्रा सुटला होता. समाधान झाले नव्हते.

हाडांच्या डॉक्टरांनी धुळ्यात जे सांगितले, ते मी आबांच्या शेजारी बसून ऐकले आणि त्यातला प्रत्येक शब्द गोड लागला. आधी रक्ततपासणी. गोळी भरल्या पोटी. वजन उतरवा, तूप कमी. मांडी घालून बसू नका. सकाळी थोडे चाला. आता आमच्या घरी आई अंगणातून एकच हाक मारते, "गोळ्या!" आणि ओट्यावरून एकाच वेळी दोघांची मान वर होते. गोळ्यांच्या डब्या वेगळ्या आहेत, वेगवेगळ्या फडताळांत आहेत. पथ्य मात्र एक आहे. दोघांचीही बट्टी बंद आहे.

पोळ्याच्या सुमारास मी घरी असताना पलीकडच्या गल्लीतला एक शेतकरी लंगडता बैल घेऊन आला. "आबा, जरासा डाग देता का?"

आबांनी बैलाच्या पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे. कुत्रा पायरीवर बसला होता, उघडा खुबा आमच्याकडे करून.

"विळा बोथट व्हयी गया," आबा पुटपुटले. "ढोरेस्ना डाक्टरकडे ली जाय."

ते मला नीट ऐकू आले होते. तरी मी पुढे झाले, आणि या वेळी अहिराणीत विचारले, म्हणजे गल्लीत कोणाचाही घोटाळा होऊ नये.

"काय म्हनात आबा? जरा जोरमा बोला. माले ऐकू नही उनं."