टेकडी, नाना आणि सतराचा पाढा

सकाळी चहाआधी भेटणाऱ्या माणसांकडे किस्से फार साठतात. पोट रिकामं आणि तोंड मोकळं! देवासची टेकडी रोज चढणारी आमची चौकडी त्यातलीच. फक्त आमचे निम्मे किस्से एकाच माणसाच्या हृदयाचे आहेत, आणि ते सगळेच हसत सांगता येत नाहीत.

हा माणूस म्हणजे नाना, कारखान्यातून रिटायर झालेले फोरमन. नव्वदचं दशक संपता संपता ते टेकडीच्या पायऱ्यांवरच चक्कर येऊन पडले. इंदूरला नेऊन पेसमेकर बसवला. दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, तर पहिला प्रश्न, "वर कधी जायचं?" आम्ही दचकलोच. त्यांना टेकडी म्हणायची होती. बावीस वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. पायथ्याशी बसून पोहे खाणारा म्हातारा मला व्हायचं नाही, एवढंच ते पुन्हापुन्हा सांगत होते.

*

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. कुसुमवहिनींनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून नानांचा हात छातीशी बांधूनच टाकला. आंघोळीपुरता सोडायचा, की पुन्हा बांधायचा. आम्ही त्यांचं कौतुक केलं. आमची अक्कल तेवढीच!

सहा आठवड्यांनी पट्टी सोडली तर हात वर जाईना. खांदा पार आखडला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "माताजी, ऊपर उठाने को मना किया था, हिलाने को नहीं." परतीच्या बसमध्ये वहिनी देवास येईपर्यंत रडत होत्या. पुढे तीन महिने व्यायाम करताना नाना दातावर दात आवळून धरायचे, पण वहिनींसमोर कधी कण्हले नाहीत.

*

मग चालायला परवानगी मिळाली. सपाट रस्त्यावर, आधी पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवायचं. पहिल्या दिवशी आम्ही तिघे नानांच्या पुढेमागे. थंडीचे दिवस, सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या शाली, माना खाली आणि चाल मुंगीची. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने सायकल थांबवली, टोपी काढली आणि मला हळूच विचारलं, "भिया, कौन शांत हो गए?"

उत्तर नानांनीच दिलं, "अभी तो कोई नहीं."

आम्ही खूप हसलो. घरी आल्यावर मात्र मला चहा गेला नाही.

*

आमच्यातले एक वीज खात्यातले. पेसमेकर ट्रान्सफॉर्मरजवळ नेला तर बंद पडतो, असं त्यांनी ठासून सांगितलं. त्यामुळे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर चुकवायला आम्ही नानांना मागच्या गल्लीतून न्यायचो. ती गल्ली चढाची आणि दुप्पट लांब. तिसऱ्या दिवशी नाना एका ओट्यावर मटकन बसले, ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी विचारलं, पाच मिनिटांची पंधरा कोणी केली? आम्ही सगळ्यांनी वीज खात्याकडे पाहिलं.

*

अखेर यंत्र तपासून डॉक्टरांनी पायऱ्यांनाही हो म्हटलं. अट एकच: चढताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं, की खाली बसायचं.

पण नाना मुलखाचे अबोल. बोलणार काय? तोड मास्तरांनी काढली. मास्तर आमच्यातले चौथे, गणित शिकवून रिटायर झालेले, अंगाने काटक. म्हणाले, "नाना, सतराचा पाढा म्हण. एक तू, एक मी."

एका पायरीवर नाना म्हणत, "सतरा एके सतरा." पुढच्या पायरीवर मास्तर, "सतरा दुणे चौतीस." पाढा अडला की सगळे बसत. आम्हाला वाटायचं, मास्तर नानांना दम मिळावा म्हणून मुद्दाम अडतात. एकदा मास्तरांच्या कपाळावर भर थंडीत घाम दिसला. इंदूरच्या डॉक्टरांना दाखवून या, असं मी म्हटलं. "मला काय झालंय?" म्हणत ते उठून चालूही लागले. मी हात धरून न्यायला हवं होतं. नेलं नाही.

*

दोन महिन्यांत नाना शेवटच्या वळणापर्यंत आले. त्या सकाळी वर फक्त दहा-बारा पायऱ्या उरल्या होत्या. नानांचा आवाज खणखणीत होता. "सतरा त्रिक एकावन्न."

पुढचं आलं नाही.

नाना वळले. मास्तर दोन पायऱ्या खाली कठडा धरून बसले होते. नानांना वाटलं, विसरले. "सतरा चोक?" त्यांनी विचारलं. मग खाली उतरून, त्यांच्यासमोर वाकून पुन्हा विचारलं.

नाना त्या दिवशी वर गेले नाहीत.

तेरा दिवस नाना घराबाहेर पडले नाहीत. चौदाव्या दिवशी आमच्याआधी पायऱ्यांवर हजर होते. चढायला लागले. "सतरा एके सतरा." पुढची पायरी मुकी. "सतरा त्रिक एकावन्न." पुन्हा एक पायरी मुकी. आम्ही दोघे मागून चालत होतो.

शेवटच्या वळणावर एक कॉलेजचा मुलगा पळत वर जात होता. ऐकून थबकला आणि म्हणाला, "अंकल, बीच का छूट गया."

"छूटा नहीं," नाना म्हणाले. "वो मास्तर का है."