पुढच्या ट्रकाची शेपटी

गोव्यात सुर्ल्याच्या खाणीहून नदीवरच्या जेटीपर्यंत मी खनिजाचा ट्रक चालवला, केस काळे होते तेव्हापासून पांढरे होईपर्यंत. वाचायची गरज कधी पडली नाही. रांगच एवढी असायची की पुढच्या ट्रकाची शेपटी धरायची आणि सोडायची नाही. तो वळला की आपण वळायचं. शेपटी सुटली की नंबर गेला, मग बसा उन्हात. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. मराठी अक्षरं येतात, त्यांच्याच जोरावर हे लिहितोय. इंग्रजीचं एकही येत नाही.

खाण बंद पडली, ट्रक गेला, आणि मी शहरात पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीमागे लटकू लागलो. स्टिअरिंगवर दुसराच कोणी. मला ती पुढची सीट हवी होती. दुसरं काही मागितलं नाही मी.

मग पालिकेने कामगारांसाठी फुकट वर्ग काढले, काम सुटल्यावर, हॉलमध्ये. एका कोपऱ्यात चालकांचं प्रशिक्षण, दुसऱ्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं. फॉर्म भरताना अक्षरं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, इंग्रजी वाचता येतं ना?"

"येतं," मी म्हणालो. मागे माझ्याच गाडीवरची झाडूवाली उभी होती. तिच्यासमोर दुसरं काय सांगणार?

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काका, तुका खरांच येता?"

"तू जन्माक येवच्या आधीपासून जेटीर गाडी नेतंय मी."

"जेटीर अक्षरां खंय होती?" फॉर्म भरायला आलेल्या बाकीच्या बायका खो खो हसल्या. ती अक्षरांच्या कोपऱ्यात बसली, मी चालकांच्या.

परीक्षेला तीन गाड्या होत्या. ज्याच्या त्याच्या हातात एक कागद, कचरा कुठून उचलायचा ते त्यावर इंग्रजीत. परीक्षा घेणारे साहेब माझ्या शेजारी बसले. मी कागद उघडला, मान डोलावली, खिशात घातला. गाडी अशी काढली की साहेबांना हिसका कळला नाही. आणि पुढच्या गाडीची शेपटी धरली. मला वाटलं, इथेही रांगच असणार, सगळे एकाच ठिकाणी जाणार. इतकी वर्षं तसंच तर गेलो होतो.

पुढची गाडी मासळी बाजारात थांबली. मीही थांबलो, अगदी हातभर अंतर ठेवून. त्या गाडीचा चालक खाली उतरला.

"पात्रांव," तो शेठला हाक मारावी तसं म्हणाला, "तू हंय कित्याक? ही माझी जागा."

साहेब शांतपणे म्हणाले, "काका, तुमच्या कागदावर काय लिहिलंय?"

"तिथला रस्ता बंद आहे."

"कुठला रस्ता?"

साहेबांनी माझ्या खिशातून कागद काढला, घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. परत येताना गाडी त्यांनी मलाच चालवायला दिली. त्याचंच जास्त लागलं.

हॉलच्या पायरीवर बाई भेटल्या. "काका, शनिवारपासून अक्षरांना बसा. परीक्षा पुन्हा घेतील. शिवाय नऊच जण आहेत, दहा नसले तर वर्ग बंद करतील."

"बघतो," म्हणालो. शनिवारी घरीच बसलो. बायको म्हणाली, जा. मी पायसुद्धा हलवला नाही. त्या बायकांमध्ये पाटी घेऊन बसू? माझ्याने झालं नाही. आजही होणार नाही, हे मला माहीत आहे.

वर्ग बंद झाला. ती सीट मासळी बाजारातल्या त्या चालकाला मिळाली. झाडूवाली मला एवढंच म्हणाली, "काका, तुझ्यापायी माझी अर्धी अक्षरां रवली." मला वाटलं होतं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता पालिकेच्या शेडमध्ये ती आणि मी कचरा वेगळा करतो. बिस्किटाचा एखादा कागद हातात आला की ती त्याच्यावरची इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचते. शिकलेलं संपलं की बोट थांबतं आणि ती माझ्याकडे बघते. मी दुसऱ्या ढिगाकडे जातो.