ती यादीच नाही, काका

रविवारी सकाळी हसमुखभाई आले. गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत समोरच्याच घरात राहतात, कानाच्या मशीनचं दुकान आहे त्यांचं. त्या दिवशी मात्र काम माझ्या लेकीकडे होतं.

मुक्ता ज्या कंपनीत आहे, ती मोबाइलवर जाहिराती दाखवण्याचं सॉफ्टवेअर बनवते. हसमुखभाईंनी दुकानाची जाहिरात तिथेच दिली आहे... "बेटा, आपणी सोसायटीमांथी कोणे जोई, एटलां नाम कही दे ने." आमच्या सोसायटीत ती जाहिरात कुणी कुणी पाहिली, त्यांची नावं हवी होती त्यांना. घरी जाऊन मशीन दाखवून येईन म्हणाले, वर डिस्काउंटही देईन.

माझ्या हातातली पोह्यांची डिश तशीच राहिली. कारण ती जाहिरात मीही गुपचूप उघडून पाहिली होती, त्यातलं एक नाव माझं होतं...

वर्षभर उजव्या कानाने नीट ऐकू येत नाहीये. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. तीस वर्षं शाळेत शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारी बाई मी, आता कुठल्या तोंडाने सांगणार?

शेजाऱ्याला नाही म्हणणं आमच्याकडे सोपं नसतं. मुक्ता लहानपणापासून त्यांच्या घरचा हांडवो खात मोठी झालीय. ती देणार, याची मला खात्रीच होती.

"काका, मने पण नथी देखातुं," ती म्हणाली, नावं मलाही दिसत नाहीत. कुणाला कुठली जाहिरात दाखवायची ते ज्याचा त्याचा फोनच ठरवतो. ती पाहिली की नाही, याचं फोनकडून येणारं उत्तर अशा सांकेतिक कुलपात येतं की सगळ्या शहराची बेरीज तेवढी उघडते, एकेकाचं उत्तर नाही.

हसमुखभाईंना पटेना. शेवटी मीच मध्ये पडले... बोर्डाचे पेपर तपासताना आम्हाला नाव कुठे दिसायचं, नुसता नंबर असायचा, तसंच हे. तर मुक्ताने माझीही चूक काढली. म्हणे, आई, बोर्डाकडे कुठेतरी यादी असते. इथे ती यादीच नाही, मागणार कुणाकडे?

तेव्हा कुठे हसमुखभाईंना पटलं, आणि ते हसत हसत चहा पिऊन गेले. "जाहिरातींचं काहीतरी करते" असं मी लेकीबद्दल चारचौघांत जरा ओशाळून सांगायचे, त्याची मला लाज वाटली.

मग तिला माझ्या डाव्या बाजूला बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. ती रागावली, रडली, आणि दुसऱ्याच दिवशी मला हसमुखभाईंच्या दुकानात घेऊन गेली.

आज मशीन लावून हे लिहितेय... स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येतेय. हसमुखभाईंना माझं नाव शेवटी मिळालंच, पण ते मी माझ्या पायांनी जाऊन दिलं.

लेकीने आईचं गुपित राखलं, आणि ते आईचं आहे हे तिला ठाऊकही नव्हतं. फार अभिमान वाटतो पोरीचा.