कार्टूनचा तास

कृषी महाविद्यालयात शिपाई म्हणून माझं आयुष्य गेलं. किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही. वर्गाच्या दाराशी स्टूल असलं की पुरे!

पुण्याच्या एक मॅडम शेतीचं इंग्रजी शिकवायला आल्या. पुस्तक बाजूला आणि फळ्यावर कार्टून! म्हणाल्या, "नाना, हसलं की तोंड उघडतं. मग बोलणंही येतं."

पहिल्या दिवशी सगळी तोंडं बंद!

*

दुसऱ्या तासाला मॅडमनी स्वतः केळीची बाग काढली. घडावर माकड, खाली पंचनाम्याला आलेला साहेब. वर्ग खदखदून हसला. मॅडम खूश!

जामनेरचा एक मुलगा उठला. "मॅडम, तुमची केळी खाली वळलीत. घडात ती वर वळतात!"

पोरं हसली होती ती केळ्यांना; विनोदाकडे कोणी बघितलंच नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "हेच इंग्रजीत सांग." सांगितलं की त्यानं, हातवारे करत!

*

तेव्हापासून मॅडम मुद्दाम चुकीची चित्रं काढायला लागल्या. कपाशीची बोंडं जमिनीत, भुईमूग फांदीवर. पोरं इंग्रजीत भांडायची. आवाज ऐकून प्राचार्य धावत आले.

"मॅडम, मारामारी चाललीय का?"

"नाही सर, प्रेझेंट टेन्स चाललाय."

*

शिंदखेड्याहून एका मुलाचे वडील आले. "पोऱ्या म्हैससंगे इंग्रजी बोलस. दूध कमी व्हयनं ते जबाबदार कोन शे?"

*

असोद्याची हर्षा मात्र बोलायचीच नाही. हसायची, तेही ओढणीआड. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत गप्प राहिली आणि नापास झाली. यंदाही नापास झालीस तर शिक्षण बंद, असं घरून सांगितलेलं.

मला म्हणाली, "नाना, गप्प बसून पास होता येत नाही का?"

म्हटलं, "मी जन्मभर गप्पच बसलो, पोरी. बघ, शिपाईच राहिलो!"

*

तोंडी परीक्षेला बाहेरचे साहेब आले. चहा फक्त साहेबांना, ही आमची रीत. मी कप घेऊन आत गेलो, तर समोर हर्षा.

साहेबांनी तिच्यापुढे कार्टून ठेवलं. भर दुपारी केळीखाली घोरणारा शेतकरी, बांधावर कपाळाला हात लावलेला अधिकारी. साहेब स्वतःच हसले. "टेल मी, व्हॉट इज फनी?"

हर्षानं ओढणी तोंडापाशी नेली. मी कप साहेबांपुढे ठेवला.

मग ती हळूच म्हणाली, "सर, ही इज नॉट लेझी. मोटरची लाईट कम्स ॲट नाईट. ऑल नाईट ही गिव्ह्ज वॉटर. माय फादर ऑल्सो स्लीप्स नाऊ."

साहेबांनी कार्टून उचलून पुन्हा पाहिलं. आपला कप हर्षापुढे सरकवला.

मग मला म्हणाले, "अजून एक कप आणा."