नानांचा 'न'

दौलतनानांच्या वह्यांमधले सगळे 'न' मी काढून टाकले. कोणी सांगितलं नव्हतं, माझ्याच हुशारीने काढले.

गेल्या महिन्यात एका सकाळी अक्कांचा, म्हणजे नानांच्या पत्नीचा फोन आला, तेव्हा मी धुळ्याच्या भाजीबाजारात मेथीच्या जुडीला नावं ठेवत उभा होतो. "सर, नाना नही राहिनात," एवढंच त्या म्हणाल्या. या वेळी 'नही' म्हणजे काय ते मला लगेच कळलं. आधी एकदा ते न कळल्यामुळे एक अख्खी नदी मी कागदावर ठणठणीत करून ठेवली होती…

तापीकाठच्या एका गावात मी जीवशास्त्र शिकवायचो, म्हणजे पोरांकडून बेडकाची चित्रं काढून घ्यायचो. नाना आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. वयाने माझ्याहून मोठे. दोन एकर कपाशी सांभाळून बरण्या पुसायचे, आणि कापायला बेडूक लागले की नदीवरून धरून आणायचे. एका वर्षी तीन तास फिरून ते रिकामी बरणी घेऊन परतले. मी त्यांना भर वर्गात विचारलं, "काय नाना, झाडाखाली झोप लागली का?" पोरं हसली. नानाही हसले. बरणी फळीवर पालथी घालत म्हणाले, "झोप नही, सर. बेडूकच नही." त्यावर मी आणखी एक विनोद केला. तो काय होता ते आता आठवत नाही, हीच देवाची कृपा. नदी बिघडल्याची पहिली बातमी मला माझ्याच प्रयोगशाळेत मिळाली होती, आणि जीवशास्त्राच्या मास्तराने तिला कामचुकारपणा ठरवलं.

नानांनी मात्र बरणी मनावर घेतली. आमच्या गावच्या वर शेतांमधलं जास्तीचं पाणी वाहून आणणारी एक चारी नदीला मिळते. कपाशीवर, केळीवर जे जे फवारलं, जे जे पोत्यांनी ओतलं, ते सगळं धुऊन त्या चारीने खाली येतं. नानांनी पाण्यातले सात दगड निवडले, तीन चारीच्या तोंडाच्या वर आणि चार खाली. शाळेच्या बाकांवर नंबर टाकायचा तांबडा ऑइलपेंट आणून त्यांच्यावर आकडे घातले. दर रविवारी सकाळी जायचं, एकेक दगड हलकेच उचलायचा, खाली काय आहे ते मोजायचं आणि दगड होता तसा ठेवून द्यायचा. झिंगे, शंखगोगलगायी, चतुराच्या अळ्या, खेकड्याची पिल्लं. पूर असला की वहीत 'पूर' लिहायचं. पूर ओसरला की वाहून गेलेले दगड वाळूतून हुडकून पुन्हा जागेवर आणायचे. एकदा मी म्हटलं, "नाना, दुसरा दगड घ्या की, नदीत काय दगडांचा दुष्काळ आहे?" ते म्हणाले, "दुसरा घेतला तर मागचं सगळं खोटं पडतं, सर." हे विज्ञान आहे हे मला कळायला हवं होतं. पगार मी त्याचाच घेत होतो.

गावात त्यांची चेष्टा व्हायची. कोणी विचारायचं, "नाना, आज कोणत्या दगडाला लेकरू झालं?" पुढे चेष्टेला धार आली. चारी बंद पडली तर शेतं पाण्याखाली जातील, नाना शेतकऱ्याच्या मुळावर उठलेत, असं पारावर उघड बोललं जाऊ लागलं. नाना तिथेच बसून ऐकायचे. एकदा फक्त म्हणाले, "मन्ही कपाशीनं पानी बी त्याच चारीमा जास. मी काय सोवळा शे का?" त्यांची मागणी एवढीच होती, की चारीचं पाणी थेट नदीत सोडू नका, आधी वरच्या पडीक जागेत अडवा, मुरू द्या. त्यासाठी कोणीतरी वह्या वाचायला हव्या होत्या.

त्या मी वाचल्या. निवृत्त होऊन धुळ्यात स्थायिक झालो होतो, कॉम्प्युटर नवा होता आणि माझ्या अंगात विद्वत्ता साठून राहिली होती. नानांनी वह्यांचा गठ्ठा विश्वासाने आणून दिला. खालच्या चार दगडांपुढे जागोजाग नुसता 'न' होता. मागची वही घ्यावी तर कमी, पुढची घ्यावी तर जास्त. 'न' म्हणजे 'नोंद नाही', असं मी ठरवून टाकलं. बिचारे म्हातारे झाले, जमत नसेल दर रविवारी… मोठ्या मनाने मी त्या सगळ्या ओळी गाळल्या आणि उरलेल्यांची सरासरी काढली. फोन करून विचारायला एक मिनिट लागलं असतं. पण ज्याला येतं तो विचारतो कशाला?

जिल्ह्याच्या बैठकीत माझा आलेख भिंतीवर झळकला. चारीच्या वर आणि खाली जीवजंतूंची सरासरी जवळजवळ सारखीच! एक साहेब उठले आणि खुशीने म्हणाले, "म्हणजे नदी उत्तम आहे. नाना, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आहे." नानांना शाल आणि नारळ दिला. टाळ्यांमध्ये माझी टाळी सगळ्यात मोठी होती.

नानांच्या परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो. नारळ नानांच्या मांडीवर. त्यांनी विचारलं, "सर, 'न' कोठे गयात?"

"नोंद नव्हती ना नाना, म्हणून काढले."

त्यांनी नारळ बाकावर ठेवला. मग एखाद्या ढ पोराला सांगावं तसं, सावकाश म्हणाले, "न म्हणजे नही. मी गयथू. मी दगड उचला. काहीच नही." न गेल्याची खूण वेगळी होती. "नही गऊ तर मी जागा कोरी सोडस."

पिशवीतून एक वही काढून त्यांनी ते पान शोधलं. इतक्या वर्षांत पूर्ण कोरा असा तो एकच रविवार. वरची तारीख मी वाचली. माझे वडील गेले, तो दिवस. पहिली गाडी धरून नाना धुळ्याला खांदा द्यायला आले होते.

त्यानंतर मी दुरुस्त अहवाल नेऊन दिला. "आधीचा खरा की हा?" असं विचारण्यात आलं. मी म्हटलं, हा. "मग आधीचा खोटा कोणी केला?" दोन्ही अहवाल एकाच फायलीत एकमेकांवर झोपी गेले. पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी आला आणि चारी आणखी रुंद झाली, कारण नदी उत्तम असल्याचा कागद होता आणि त्याखाली माझी सही होती. नानांनी मला एकदाही शिवी दिली नाही. दिली असती तर मी कधीच मोकळा झालो असतो. ते रविवारी दगड उचलत राहिले, 'न' लिहीत राहिले आणि भरलेल्या वह्या त्या सत्काराच्या शालीत बांधून ठेवत राहिले. हळूहळू वरच्या तीन दगडांपुढेही 'न' यायला लागले. मी भेटायला गेलो की चहा व्हायचा, वही मात्र माझ्यासमोर उघडायचे नाहीत…

दशक्रियेला नदीवर गेलो तेव्हा सगळे पांगल्यावर चारीच्या खाली उतरलो. पाच नंबरचा दगड उचलला. खाली काही नव्हतं. काय वाटलं कोणास ठाऊक, तो खाली ठेववेना. पिशवीत घातला, एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "काका, सोनं आहे का काय?" आता तो माझ्या टेबलावर आहे. तांबडा पाच झिजलाय, पण दिसतो. हे लिहिताना कागद त्याच्याखालीच दाबून ठेवले होते.

इथवर लिहून झालं आणि अक्कांचा फोन आला. काल रविवार होता. दिवसकार्य झाल्यावरच्या त्या पहिल्या रविवारी नानांची वही घेऊन त्या दगड मोजायला गेल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं.

"सर, पाच नंबर सापडना नही. पूर बी नही, मग दगड गया कोठे?"

मी म्हटलं, "अक्का… मी आणला. नानांची आठवण म्हणून."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या. पूर उना की नाना 'पूर' लिखेत. आज मी 'सर' लिखी टाकस."